कोरडी दुपार आणि घरातील ओलावा

बंगळुरूच्या पूर्व भागात, जुन्या मद्रास रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या के. आर. पुरममध्ये डिसेंबर-जानेवारीची सकाळ ओलसर असते. रेल्वे स्थानकाजवळचा, ‘हँगिंग ब्रिज’ याच नावाने सर्वांना ठाऊक असलेला २००३ सालचा पूल एखाद्या दिवशी धुक्यात अर्धाअधिक नाहीसा होतो, उभ्या गाड्यांच्या काचांवर दव साचलेले असते आणि दोरीवर रात्रभर राहिलेले कपडे हाताला दमट लागतात. त्याच दिवशी दुपारी दोनच्या सुमारास टिन फॅक्टरी चौकातून चालणाऱ्या माणसाचे ओठ कोरडे पडतात, डोळे चुरचुरतात आणि रुमाल नाकाशी जातो. सकाळची ओल आणि दुपारचा कोरडेपणा यांत जेमतेम सहा तासांचे अंतर असते. या सहा तासांत नेमके काय घडते, हे समजले की घरातील हवेची काळजी घेणे सोपे होते, आणि पुष्कळसा अनावश्यक खर्चही टळतो.

हा प्रश्न सर्वाधिक जाणवतो तो समुद्रकाठाहून येथे आलेल्यांना. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजी येथून बदली होऊन आलेल्या कुटुंबाचा येथील पहिला हिवाळा बहुधा तक्रारींचाच असतो. मुलांचे गाल खरखरीत होतात, वडीलधाऱ्यांच्या टाचांना भेगा पडतात, एखाद्या बालकाचा भर दुपारी घोळणा फुटतो आणि घरात धावपळ उडते. कोकणातून आणलेल्या फणसाच्या किंवा सागाच्या कपाटाच्या फळ्यांमध्ये बारीक फट दिसू लागते. घरात मिरजेचा तंबोरा असेल तर त्याच्या खुंट्या सैल होऊन तारा सारख्या उतरतात. बँकेत रोखपालाच्या पुढ्यातील ओल्या स्पंजाची वाटीसुद्धा फेब्रुवारीत दिवसातून अधिक वेळा भरावी लागते. या सगळ्यांचे कारण एकच आहे. मात्र त्यावर जो उपाय दुकानात तत्परतेने सुचविला जातो, म्हणजे रात्री उशाशी ठेवायचे वाफाळणारे यंत्र, तो येथील हवामानाला कितपत लागू पडतो, याचा विचार क्वचितच होतो.

पाणी तेवढेच, हवा मात्र कोरडी

हवेतील ओलावा सांगताना जी टक्केवारी दिली जाते तिला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ सामावू शकते, त्याच्या किती टक्के वाफ प्रत्यक्ष तिच्यात आहे, एवढेच ही टक्केवारी सांगते. हवा तापली की तिची सामावण्याची शक्ती झपाट्याने वाढते. १६ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे १३.६ ग्रॅम वाफ मावते. २८ अंशांना हाच आकडा सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दुप्पट होतो.

उदाहरणादाखल जानेवारीतील एक सकाळ घेऊ. तापमान १६ अंश आणि आर्द्रता ८० टक्के. याचा अर्थ घनमीटरमागे सुमारे ११ ग्रॅम पाणी हवेत आहे. दुपारी पारा २८ अंशांवर गेला आणि हवेतील पाणी तेवढेच राहिले, तर आर्द्रता होते अवघी ४० टक्के. पाण्याचा एक थेंबही कोठे गेलेला नसतो. केवळ उन्हाने हवेची तहान वाढविलेली असते. फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चमध्ये पारा ३२-३३ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा तेवढ्याच पाण्यावर आर्द्रता ३२ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून बंगळुरूत सर्वाधिक कोरडे दिवस गारठ्याच्या डिसेंबरात नसून थंडी ओसरतानाच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. डिसेंबरात ईशान्य मोसमी पावसाची ओल जमिनीत अजून शिल्लक असते. दोन महिन्यांनी ती उरत नाही.

थंड देशांतील गोष्ट याच्या अगदी उलट आहे. टोरांटोला राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या दाराबाहेर उणे १० अंश तापमान असेल, तर त्या हवेत घनमीटरमागे सव्वादोन-अडीच ग्रॅमहून अधिक वाफ मावतच नाही. तीच हवा घरात घेऊन २१ अंशांपर्यंत तापविली की आर्द्रता १३ टक्क्यांवर घसरते, आणि ती दिवसरात्र तशीच राहते. अशा घरात रात्री यंत्र लावणे ही गरज असते. यंत्रांसोबत येणाऱ्या पुस्तिका आणि जाहिराती त्या घरांसाठी लिहिलेल्या असतात. के. आर. पुरममधील झोपण्याच्या खोलीत जानेवारीच्या रात्री २२ अंश तापमान असते असे धरले, तर वरच्याच ११ ग्रॅम पाण्यावर आर्द्रता ५६ टक्के येते. शिवाय बंद खोलीत झोपलेला प्रत्येक माणूस श्वास आणि त्वचा यांवाटे तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. तेथे यंत्र लावले तर पहाटे खिडकीच्या काचेवर पाणी ओघळते आणि कपाटामागची भिंत बुरशीने काळवंडू लागते. एवढेच फळ पदरात पडते.

शरीराला काय सोसावे लागते

नाकाच्या आतील त्वचेवर चिकट द्रवाचा पातळ थर असतो आणि त्याखाली सूक्ष्म केसांची सतत हालचाल चालू असते. धूळ, परागकण आणि जंतू या थरात अडकतात व केसांच्या लाटेबरोबर घशाकडे ढकलले जातात. हवा कोरडी झाली की थर घट्ट होतो, त्याची पापुद्र्यासारखी खपली बनते आणि ही सफाई मंदावते. खपली काढण्यासाठी मूल नाकात बोट घालते आणि नाकाच्या पुढच्या भागातील नाजूक रक्तवाहिनी फुटते. घोळणा फुटण्यामागे बहुधा एवढेच कारण असते. अशा वेळी मान मागे टाकण्याची आपल्याकडील सवय चुकीची आहे, कारण त्यामुळे रक्त घशात उतरते. मुलाला बसवून किंचित पुढे वाकवावे, नाकाचा मऊ भाग दोन बोटांनी दहा मिनिटे न सोडता दाबून धरावा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगावे. अर्ध्या तासात रक्त थांबले नाही, किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्या वृद्धाला हा त्रास झाला, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

कोरड्या हवेचा फ्लूच्या प्रसाराशी असलेला संबंधही प्रयोगांतून दिसला आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई येथील संशोधकांनी २००७ मध्ये गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगात २० आणि ३५ टक्के आर्द्रतेत फ्लूचा विषाणू एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे सहज पोहोचला. २० अंश तापमानाला ८० टक्के आर्द्रतेत मात्र हा प्रसार झाला नाही. परंतु यावरून घर जितके ओले तितके चांगले, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. धुळीतील सूक्ष्म किडे आणि बुरशी यांना ओलावाच मानवतो, आणि दम्याच्या रुग्णाला हे दोन्ही शत्रूच. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरातील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, शक्यतो ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवण्याची शिफारस करते. आपल्या घरांपुरते ४० ते ५५ टक्के हे व्यवहार्य लक्ष्य मानण्यास हरकत नाही.

दम्याचा उल्लेख बंगळुरूच्या संदर्भात टाळताच येत नाही. येथील बालश्वसनविकारतज्ज्ञ डॉ. एच. परमेश यांच्या रुग्णालयीन पाहणीत मुलांमधील दम्याचे प्रमाण १९७९ मध्ये ९ टक्के होते, ते १९९९ मध्ये २९.५ टक्क्यांवर पोहोचल्याचे आढळले. वाढती वाहने आणि वाढते शहर यांच्याशी त्यांनी या वाढीचा संबंध जोडला. के. आर. पुरममध्ये तर जुना मद्रास रस्ता आणि बाह्य वर्तुळाकार रस्ता एकमेकांना भेटतात, मालमोटारी अहोरात्र धावतात आणि मेट्रोच्या बांधकामाने गेली काही वर्षे या परिसराला धुळीची सवयच लावली आहे. पाऊस नसलेल्या महिन्यांत ही धूळ खाली बसत नाही. तेव्हा येथील रहिवाशाला कोरडेपणा म्हणून जे जाणवते, त्यातील मोठा वाटा प्रत्यक्षात धुळीचा असतो. केवळ हवा ओलसर केल्याने ते दुखणे जात नाही.

आधी मोजावे

औषध घेण्यापूर्वी ताप मोजावा, तसे उपाय करण्यापूर्वी आर्द्रता मोजावी. काही शे रुपयांत मिळणारा छोटा आर्द्रतामापक या कामी पुरेसा असतो, मात्र त्याच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. त्याची परीक्षा स्वयंपाकघरातील मिठाने घेता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यावे, त्यावर जेमतेम ओले होईल इतके पाण्याचे थेंब टाकावेत आणि ते झाकण व मापक दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर बंद करून ठेवावे. ओल्या मिठावरील बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते, हा निसर्गाचा नियम आहे. सकाळी मापक ७१ दाखवीत असेल, तर पुढे त्याच्या प्रत्येक आकड्यात चार मिळवावेत.

मापक नसेल तर दोन साध्या तापमापकांनीही काम भागते. एकाच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची चिंधी गुंडाळावी आणि दोन्हींना पंख्याच्या वाऱ्यात दहा मिनिटे ठेवावे. कोरडा तापमापक २८ अंश आणि ओला साडेअठरा अंश दाखवू लागला, तर आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास आहे असे समजावे. दोहोंतील अंतर जितके अधिक, तितकी हवा कोरडी. आजीच्या घरातील माठ याच तत्त्वावर चालतो: फेब्रुवारीत त्यातील पाणी गारेगार लागते आणि जुलैत जेमतेम थंड, कारण पावसाळी हवा माठातून झिरपलेले पाणी उचलत नाही.

नोंद दिवसातून तीन वेळा करावी: सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री दहा. आठवडाभरात चित्र स्पष्ट होते. येथील बहुतेक घरांत सकाळ-रात्रीचे आकडे पन्नाशीच्या पुढे आणि केवळ दुपारचा आकडा चाळिशीखाली आढळेल. म्हणजे उपाय हवा तो अकरा ते पाच या वेळेपुरता.

सर्वांत स्वस्त उपाय: सावली

वरील हिशेब उलट दिशेने करून पाहावा. बाहेर २८ अंश असताना घरातील खोली २४ अंशांवर राखता आली, तर त्याच ११ ग्रॅम पाण्यावर आर्द्रता ४० ऐवजी ५० टक्के येते. दहा टक्क्यांची ही वाढ पाण्याच्या एकाही थेंबावाचून मिळते. त्यासाठी सकाळी खिडक्या उघड्या ठेवून घर गार होऊ द्यावे, दहा-साडेदहानंतर रस्त्याकडील व पश्चिमेकडील खिडक्या लावून घ्याव्यात, जाड पडदे ओढावेत आणि सूर्य कलल्यावर घर पुन्हा मोकळे करावे. काचेच्या आतील पडद्यापेक्षा काचेबाहेरील चटई किंवा वाळ्याचा पडदा अधिक परिणामकारक, कारण ऊन काचेतून आत शिरण्यापूर्वीच तो अडवितो. वाड्यांतून राहिलेल्या पिढीला हे सांगावे लागले नसते. मोठ्या काचांच्या सदनिकांमध्ये ते नव्याने शिकावे लागते आहे. दुपारी रस्त्याकडील खिडकी बंद राहिल्याने धूळही बाहेर राहते, हा के. आर. पुरममध्ये दुहेरी लाभ. स्वयंपाक चालू असताना मात्र स्वयंपाकघराची खिडकी उघडी हवी, त्यात तडजोड नको.

पहाटेच्या गारठ्यावर काही घरांत विजेचा हीटर लावला जातो. १८ अंश व ६० टक्के आर्द्रतेची खोली हीटरने २५ अंशांवर नेली की आर्द्रता चाळिशीवर येते, म्हणजे दुपारचा कोरडेपणा पहाटेच ओढवून घेतला जातो. या शहराच्या थंडीला एक गोधडी पुरते. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटविणे तर प्राणघातक आहे. व्हाइटफील्डच्या वातानुकूलित कार्यालयांत दिवस घालविणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तेथील यंत्रे हवा गार करताना तिच्यातील पाणी नळीवाटे बाहेर टाकतात, आणि पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात. तेथे मधूनमधून डोळे मिटणे आणि पाणी पीत राहणे, एवढेच हाती उरते.

पाणी किती आणि कशातून

सावली करूनही आकडा चाळिशीखाली राहिला, तर खोलीत थोडे पाणी सोडावे लागेल. किती? दहा फूट बाय बारा फूट, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. २८ अंशांना आर्द्रता ३५ वरून ४५ टक्क्यांवर नेण्यास घनमीटरमागे २.७ ग्रॅम, म्हणजे सगळे मिळून ९२ ग्रॅम पाणी लागते. चहाचा एक कप. खिडक्या लावलेल्या खोलीतील हवा तासाभरात एकदा बदलते असे धरले, तर तासाला पुन्हा तेवढेच पाणी पुरवीत राहावे लागेल. खिडकी सताड उघडी असेल तर मात्र सगळे के. आर. पुरम ओले करण्याचा तो प्रयत्न ठरतो.

खोलीत पाण्याचे पसरट भांडे ठेवण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. एक फूट व्यासाच्या परातीतून तासाला दहा-बारा ग्रॅमहून अधिक पाणी क्वचितच उडते, म्हणजे गरजेच्या फार तर आठवा भाग. शिवाय ते डासांना आमंत्रण, आणि ते येथे परवडणारे नाही. याउलट धुलाईयंत्रातून पिळून निघालेल्या सुती चादरीत पाव किलोच्या पुढे पाणी असते आणि दोरीवर पसरल्यावर ते तीन-चार तासांत हवेत जाते. स्वयंपाकघरातील काट्यावर चादर ओली असताना आणि वाळल्यावर तोलून हा हिशेब कोणालाही पडताळून पाहता येईल. एक चादर सात-आठ पराती भरून काढते. तेव्हा धुतलेले कपडे सकाळी बाहेर वाळत घालण्याऐवजी अकरा वाजता बैठकीच्या खोलीत मांडणीवर पसरावेत. दुपारच्या कोरड्या हवेत ते कुबट न होता वाळतात. तीव्र सुगंधाचे द्रव टाकलेले कपडे दमेकऱ्याच्या खोलीत वाळवू नयेत. कुंड्यांतील झाडेही दिलेले बहुतेक पाणी पानांवाटे हवेत सोडतात. रोज पेलाभर पाणी पिणारे झाड दिवसाकाठी तेवढाच ओलावा देते, त्याहून अधिक अपेक्षा करू नये.

कपड्यांच्या या युक्तीत आणखी एक सोय आहे. तिला वेगळे पाणी लागत नाही. हे के. आर. पुरमच्या रहिवाशाला समजावून सांगण्याची गरज नाही. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमक्या कोरड्या हवेच्या दिवसांत, या भागातील अनेक विंधनविहिरी आटल्या आणि टँकरची वाट पाहणे हा दिनक्रम झाला. शहराच्या जलमंडळाने त्या मार्चमध्ये गाड्या धुणे, बागा शिंपणे यांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठेवला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, तरी हवा ओली करण्यासाठी पिण्याचे पाणी उडविणे मनाला पटत नाही. फरशी पुसण्यासाठी पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचे टाकाऊ पाणी चालते. केरसुणीने कोरडे झाडून धूळ उडविण्यापेक्षा दुपारी ओल्या फडक्याने पुसून घेणे शतपटीने बरे: धूळ उचलली जाते आणि थोडी ओलही मिळते.

यंत्र घ्यायचेच तर

तान्हे मूल, अंथरुणाला खिळलेली व्यक्ती किंवा कोरड्या त्वचेचा विकार असलेला रुग्ण घरात असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ह्युमिडिफायर घेणे योग्य ठरते. ध्वनिलहरींनी पाण्याचे तुषार उडविणारे यंत्र स्वस्त आणि आवाजरहित असते, पण ते पाण्याबरोबर त्यातील क्षारही हवेत उडविते. विंधनविहिरीचे किंवा टँकरचे जड पाणी त्यात भरले, की टेबलावर, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आणि अर्थातच फुप्फुसांत पांढरी भुकटी जाऊन बसते. अशा यंत्रात शुद्ध केलेले पाणीच घालावे, आरओचे टाकाऊ पाणी कदापि नाही, कारण त्यात क्षार एकवटलेले असतात. ओल्या वातीतून वा जाळीतून हवा फिरविणारे यंत्र क्षार वातीतच मागे ठेवते. वात मात्र वेळोवेळी बदलावी लागते.

टाकी रोज रिकामी करून पुसावी आणि आठवड्यातून एकदा व्हिनेगरने धुवावी. साचलेल्या पाण्यात वाढलेले जंतू तुषारांबरोबर थेट श्वासात जातात. पण या भीतीपोटी पाण्यात जंतुनाशक टाकणे त्याहून घातक आहे. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात मिसळण्याची जंतुनाशके १९९४ पासून विकली जात होती. फुप्फुसांच्या जीवघेण्या विकाराशी त्यांचा संबंध २०११ मध्ये उघडकीस आला, तोवर गर्भवती स्त्रिया आणि बालकांसह अनेकांचे बळी गेले होते. घर निर्मळ राखण्याच्या हेतूनेच त्या कुटुंबांनी ती द्रव्ये वापरली होती. कापूर, निलगिरीचे तेल किंवा फिनाइल, काहीही असो, यंत्रात पाण्याखेरीज दुसरे काही घालू नये.

त्वचेसाठी आपल्याकडील जुनी रीत अजून खोटी ठरलेली नाही. थंडीच्या तोंडावर येणाऱ्या दिवाळीला अभ्यंग आहे आणि ऐन थंडीत येणाऱ्या संक्रांतीला तीळ. कर्नाटकातही त्या दिवशी तीळ-गुळाचे ‘एळ्ळु-बेल्ला’ वाटतात. स्नानाचे पाणी कढत नसावे, साबण बेताचा असावा आणि अंग टिपून घेताच, ते किंचित ओले असतानाच, खोबरेल तेल लावावे. तेल पाणी देत नाही, असलेले पाणी उडू देत नाही, म्हणून कोरड्या त्वचेवर दुपारी चोळलेल्या तेलाचा उपयोग कमी होतो. नाकात तेला-तुपाचे थेंब सोडण्याची प्रथा मात्र तान्ह्या मुलांत आणि गिळण्याचा त्रास असलेल्या वृद्धांत टाळावी, कारण स्निग्ध थेंब फुप्फुसात उतरल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब तेच काम निर्धोकपणे करतात. लहान मुलांना उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफ देऊ नये. पातेले कलंडून भाजण्याचे प्रसंग घडतात.

एप्रिलमध्ये, ज्यांना येथे ‘मँगो शॉवर्स’ म्हणतात, त्या वळवाच्या पहिल्या सरी आल्या की दुपारचा आकडा हळूहळू वर सरकू लागतो. यंत्र असेल तर ते रिकामे करून, उन्हात पूर्ण सुकवून खोक्यात ठेवावे, आणि कपडे पुन्हा गच्चीवर न्यावेत. आर्द्रतामापक मात्र भिंतीवरच राहू द्यावा. जूनपासून तो साठीच्या पुढचे आकडे दाखवू लागेल, आणि तेव्हा कपाटामागची भिंत तपासण्याची वेळ आलेली असेल.